दहा दिवस, एक करवत

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. या दिवसांत मुलांनी परिसरातल्या कारागिरांच्या हाताखाली काम करावे, असे धोरण सांगते. उदाहरणादाखल ज्या कारागिरांचा उल्लेख त्यात आहे, त्यांत पहिले नाव सुताराचे. माळी, कुंभार, कलावंत त्याच्यामागून येतात. शाळांपुढे त्यामुळे एक चांगली संधी चालून आली आहे. ती वाया जाण्याची भीतीही तितकीच खरी आहे. दहा दिवसांत दहा कला, दहा भेटी, भरपूर छायाचित्रे आणि शेवटी एक अहवाल, ही वाट सोपी आहे. मुलांच्या हाताला मात्र तिच्यातून काहीच लागत नाही.

सुतारकाम निवडणाऱ्या शाळांनी या दहा दिवसांत एकच गोष्ट शिकवावी: आखलेल्या रेघेवर हातकरवत सरळ चालवणे. स्टूल नको, पक्ष्यांचे घरटे नको, मोबाइल ठेवायचा स्टँडही नको. दहाव्या दिवशी प्रत्येक मुलाने आणि मुलीने स्वतः आखलेला, स्वतः कापलेला दोन तुकड्यांचा एक जोड घरी न्यावा, एवढे पुरे.

मागणी किरकोळ वाटेल. करवत सरळ चालवण्यात शिकण्यासारखे असे काय आहे, असाही प्रश्न येईल. ज्याने कधी लाकडाचा जोड हाताने कापला आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा एक ‘जॉब’ असतो. कुठे टी-जोड, कुठे दोन पट्ट्या एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या जाडीने बसवायचा हाफ-लॅप. महाराष्ट्रातल्या हजारो इंजिनिअरांनी तो केलेला आहे. त्यांतल्या अनेकांच्या जोडात फट राहिली, आणि ती भुसा नि गोंद कालवून बुजवली गेली. या मुलांना भूमिती येत होती, काटकोन म्हणजे काय ते ठाऊक होते. करवत हातात कशी धरायची, उभे कुठे राहायचे, पहिला झटका कसा द्यायचा, हे शिकवायला मात्र वेळापत्रकात जागा नव्हती.

सरळ कापण्याचे महत्त्व एका हिशेबातून कळते. ५० मिलिमीटर खोल काप घेताना पाते फक्त एका अंशाने कलले, तर तळाशी पोचेपर्यंत काप रेघेपासून जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकलेला असतो. एक अंश हा डोळ्याला सहज जाणवणारा कल नव्हे. जवळजवळ एक मिलिमीटरची फट मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. हाच कल कुसवाच्या, म्हणजे खाचेत बसवायच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना पडला, तर कुसू एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होते. मग ते खाचेत एक तर शिरत नाही, नाही तर शिरून डुगडुगते. पटाशीने तासून दुरुस्ती करता येते, पण तासताना लाकूड कमीच होत जाते. कापलेले लाकूड परत जोडून घेण्याची सोय सुतारकामात नाही.

म्हणूनच जुने सुतार शिकाऊ पोराला जोडाच्या नादी लवकर लागू देत नसत. आधी करवत, आधी रंधा, आधी धार.

या कसबाभोवती आपल्या समाजात एक समजूत घट्ट बसली आहे. सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी ही त्याची कामे, आणि त्याचे कसब बापाकडून मुलाकडे, घरातल्या घरात जाणारे. सात-आठ वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या शेजारी बसून लाकूड धरणाऱ्या पोराचा हात विशीत रेघेवर बिनचूक चालू लागला, की बघणारे म्हणतात, ‘त्यांच्या रक्तातच असतं ते.’ बोलणाऱ्याच्या मनात कौतुक असते, पण या वाक्याने दोन अन्याय होतात. सुताराच्या मुलाने वर्षानुवर्षे घेतलेली मेहनत त्यात पुसली जाते. आणि ज्याच्या घरात करवत नाही, त्या मुलाला आपोआप सांगितले जाते की हे तुझे काम नाही. कसब जन्माला चिकटवण्याची ही सवय मोडायची, तर ते पायरीपायरीने शिकवता येते हे दाखवणे हा सर्वांत थेट मार्ग आहे. सरळ कापणे तसे शिकवता येते.

पहिली पायरी रेघेची. लाकूड कापणारा नवखा माणूस रेघ एकाच बाजूला मारतो आणि तिथेच चुकतो. काप घनवस्तूत जातो, त्यामुळे रेघ वरच्या कडेवर आणि समोरच्या तोंडावर, अशी दोन्हीकडे लागते. गुण्या लावून ती पलीकडेही उतरवावी लागते. पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने आखली, तर लाकडाचे वरचे तंतू आधीच कापले जातात आणि कापाची कड स्वच्छ राहते. करवतीच्या कापालाही स्वतःची रुंदी असते. बारीक जोडकामाच्या करवतीचे पाते साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते आणि बाहेर फाकवलेल्या दातांमुळे काप त्याहून थोडा रुंद पडतो. म्हणून पाते रेघेवर ठेवायचे नसते; टाकाऊ भागाच्या बाजूला, रेघेला खेटून ठेवायचे असते. टाकाऊ भागावर पेन्सिलीने फुली मारण्याची सुतारांची सवय याच कारणाने पडली. फुली नसेल तर चांगला कसलेला माणूसही चुकीच्या बाजूने कापून बसतो.

दुसरी पायरी शरीराची. हातकरवतीच्या मुठीत तीनच बोटे मावतात, आणि ते मुद्दाम तसे केलेले असते. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवायची. ती ठेवली की मनगट वळणे आपसूक कमी होते. मनगट, कोपर आणि खांदा पात्याच्या सरळ रेषेत आले पाहिजेत, म्हणजे हात मागेपुढे जाताना अंगाला आपटत नाही. नवखा माणूस लाकडाच्या अगदी समोर उभा राहतो, मग कोपर पोटाला अडते आणि प्रत्येक झटक्याला पाते थोडे बाहेर ढकलले जाते. त्याचा काप वाकडा जातो आणि तो दोष हाताला देतो. खरे म्हणजे त्याने पाऊल अर्धी वीत बाजूला टाकायला हवे होते.

मूठ आवळणे ही नवख्याची दुसरी खोड. घट्ट आवळलेल्या हाताला पात्याचा कल जाणवत नाही. कसलेल्या सुताराची पकड इतकी सैल असते की करवत कोणी सहज काढून घेईल असे वाटावे. कापायचे काम दातांनी करायचे असते. हाताने फक्त करवत मागेपुढे न्यायची आणि ओळंब्यात ठेवायची.

तिसरी पायरी सुरुवातीची, आणि सर्वांत जास्त काप इथेच बिघडतात. दात लाकडाच्या कोपऱ्यावर टेकवताना करवतीचे वजन हातात उचलून धरायचे, अंगठ्याचे पेर पात्याला टेकवून त्याला जागेवर ठेवायचे, आणि दोन-तीन हलके झटके द्यायचे. कोपऱ्यावर बारीकशी खाच पडली की पाते हळूहळू आडवे करत वरच्या कडेच्या रेघेवर आणायचे, आणि मग समोरच्या रेघेवरून खाली उतरायचे. कापाचे पहिले काही मिलिमीटर सरळ गेले, तर पुढचे काम सोपे होते, कारण पडलेला कापच पात्याला वाट दाखवतो. पण सुरुवात कललेली असेल तर तोच काप वाकड्या वाटेने नेतो. खोल गेल्यावर मूठ पिळून पाते वळवू गेले, तर ते कापात अडकते किंवा वाकते. सुधारणा करायची ती पहिल्या पाच-सहा मिलिमीटरांतच.

कुसवासारखा खोल काप घेताना याच तत्त्वाचा छान उपयोग होतो. लाकूड वाइसमध्ये तिरपे धरतात आणि एका कोपऱ्यातून तिरका काप घेतात, म्हणजे एका वेळी वरची आणि जवळची, अशा दोनच रेघांकडे बघावे लागते. मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने तसाच काप घेतात. शेवटी मधला उरलेला त्रिकोण सरळ उभा कापतात, तेव्हा दोन्हीकडच्या कापांनी पाते बंदिस्त केलेले असते आणि ते भरकटू शकत नाही. यात गूढ काही नाही. जिथे नजर पोचत नाही तिथे आंधळेपणाने कापायचे नाही, एवढाच विचार या पद्धतीमागे आहे.

पाते लाकडाला काटकोनात आहे की नाही, हे सांगणारी एक खूण करवतीतच असते. घासून चकचकीत केलेल्या पात्यात फळीच्या कडेचे प्रतिबिंब पडते. पाते काटकोनात असेल तर खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एकाच सरळ रेषेत दिसतात. पाते जरा वळले, की कड पात्यापाशी मोडल्यासारखी दिसते. बारा वर्षांच्या मुलाला ही खूण एकदा दाखवली की त्याला गुण्या न लावताही आपली चूक कापता कापता दिसते. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा विज्ञानाच्या पुस्तकात असतोच. इथे तो हाताला उपयोगी पडतो.

चूक नेहमी हाताचीच असते असेही नाही. करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे फाकवलेले असतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पाते अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त फाकले किंवा त्या बाजूला धार जास्त राहिली, तर करवत त्या बाजूला ओढते. मग कितीही सराव केला तरी काप तिकडेच जाणार. एकाच मुलाचे पाच काप सारखे एकाच बाजूला वाकत असतील, तर आधी करवत तपासावी. ओढणाऱ्या बाजूच्या दातांवरून धार लावायचा दगड एक-दोनदा हलका फिरवला तरी फरक पडतो. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त करवतींचे दात उष्णता देऊन कडक केलेले असतात. त्यांची टोके काळसर निळी दिसतात, आणि त्यांच्यावर कानस चालत नाही. बोथट झाली की करवत टाकून द्यायची. शिकवण्यासाठी अशी करवत निरुपयोगी आहे, कारण तिकोनी कानशीने दात पाजवणे हा सरळ कापण्याच्या शिक्षणाचाच अर्धा भाग आहे. दातांचा प्रकारही मुलांना बघता आला पाहिजे. लाकूड लांबीत चिरणाऱ्या करवतीचे दात पटाशीसारखे सपाट धारेचे असतात आणि तंतू खरवडून काढतात. आडवे कापणाऱ्या करवतीचे दात सुरीसारखे टोकदार असतात आणि तंतू तोडतात. चुकीची करवत हातात दिली तर काप फाटतो किंवा रेंगाळतो, आणि शिकणारा उगाच स्वतःवर चिडतो.

करवत ढकलायची की ओढायची, यावर जगात एकमत नाही, आणि असण्याची गरजही नाही. इंग्रजी पद्धतीची करवत ढकलताना कापते. ढकललेले पाते वाकू नये म्हणून ते जाड ठेवतात किंवा त्याच्या पाठीवर पितळेची वा पोलादाची पट्टी बसवतात. जपानी करवत ओढताना कापते. ओढलेले पाते ताणात राहते, म्हणून ते खूप पातळ ठेवता येते. भारतातला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनी लाकूड पकडून काम करत आला, आणि आपल्याकडच्या अनेक जुन्या करवतीही ओढून चालणाऱ्या होत्या. डेन्मार्कमध्ये उमेदवारी करून पुढे अमेरिकेत शिक्षक झालेले टागे फ्रिड बारीक जोडही लाकडी चौकटीत ताणलेल्या पात्याच्या करवतीने कापत. पद्धती वेगळ्या असल्या तरी घट्ट बसणारे जोड सगळ्यांनीच कापले. शाळेत कोणती करवत द्यावी याचा वाद घालण्यापेक्षा गावातल्या सुताराच्या हाताला जी सवयीची आहे ती द्यावी.

सरावात काय करायचे हेही ठरलेले आहे. एका टाकाऊ फळीच्या कडेवर गुण्याने शेजारी शेजारी रेघा मारायच्या आणि एकेका रेघेवर दोन-अडीच सेंटिमीटर खोल काप घ्यायचा. आधी रेघ पूर्ण शिल्लक ठेवून, मग अर्धी खाऊन, मग पूर्ण खाऊन. प्रत्येक कापानंतर गुण्या लावून बघायचे आणि चूक कोणत्या बाजूची आहे ते फळीवरच लिहायचे. फळी भरली की कड कापून टाकायची आणि पुन्हा रेघा मारायच्या. यात काहीही तयार होत नाही, म्हणून काही बिघडण्याची धास्तीही नसते.

सराव करताना लक्ष कुठे ठेवायचे, यावर शास्त्रीय अभ्यास झाला आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या पायांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या उपकरणावर लक्ष ठेवणारे जास्त चांगले शिकले. पुढे अनेक खेळांत आणि हालचालींत अशाच स्वरूपाचे निष्कर्ष निघाले. करवतीच्या बाबतीत याचा अर्थ असा की उभे राहण्याची आणि पकडीची शिस्त आधी बसवून घ्यावी, आणि काप सुरू झाला की डोळे रेघेवर ठेवावेत. ‘कोपर सरळ ठेव’ असे शिक्षकाने मध्येच ओरडू नये. ‘रेघ दिसतेय का’ एवढेच विचारावे.

डव्हटेल जोड कापायला शिकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट उमगते: प्रत्येक चुकीचे वजन सारखे नसते. खणाच्या कोपऱ्यात एका फळीची टोकाला रुंद आणि मुळाशी निमुळती बोटे दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकतात, तो हा जोड. खण कितीदाही ओढला तरी तो निसटत नाही. बोटांचा उतार मऊ लाकडात सहाला एक आणि कठीण लाकडात आठाला एक ठेवण्याचा संकेत आहे. पण हा उतार कापताना थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, कारण दुसऱ्या फळीवरच्या खाचा पहिल्या फळीची बोटे ठेवूनच आखल्या जातात. फळीच्या जाडीतून जाणारा काप मात्र काटकोनातच हवा. तो कलला तर जोड समोरून घट्ट दिसतो आणि मागे फट राहते. कुठे ढिले राहिले तरी चालते आणि कुठे तसूभरही चालत नाही, ही जाण मुलांना इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे देणारी दुसरी शाळकरी कृती शोधावी लागेल.

यावर एक आक्षेप सरळ आहे आणि तो टाळता येणार नाही. आज फर्निचर प्लायवुडचे होते, कापायला विजेचा कटर असतो, जोडायला स्क्रू आणि गोंद असतो. कारखान्यात तर संगणक पाते चालवतो. मग हाताने सरळ कापणे कशासाठी?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचरचे प्राध्यापक असलेल्या डेव्हिड पाय यांनी १९६८ च्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ या पुस्तकात कामाचे दोन प्रकार मांडले. एकात निकाल आधीच ठरलेला असतो, यंत्र आणि साचा तो ठरवतात. दुसऱ्यात काम चालू असेपर्यंत निकाल सतत पणाला लागलेला असतो. तो माणसाच्या अंदाजावर, कौशल्यावर आणि काळजीवर अवलंबून असतो. पाय यांनी पहिल्या प्रकाराला कमी लेखले नाही, आणि चांगला कारागीर जोखीम कमी करण्याच्या युक्त्या वापरतच असतो हेही सांगितले. सुरीची रेघ आणि अंगठ्याचे पेर या तशाच युक्त्या. शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा आहे तो दुसरा प्रकार. शाळेतल्या मुलाला आपली चूक बहुतेक वेळा दुसऱ्याकडून कळते, तीही दोन आठवड्यांनी, लाल शाईत. करवतीची चूक त्याला त्याच क्षणी, स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, ती का झाली हे शोधता येते आणि पुढच्याच रेघेवर सुधारता येते. यंत्रांवर काम करणाऱ्या उद्याच्या तंत्रज्ञालाही हीच सवय लागते.

युरोपात हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखले गेले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे १८६६ च्या लोकशाळांच्या कायद्यात हस्तकामाला सक्तीचे स्थान मिळाले. स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळच्या न्येस इथे ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांना लाकूडकाम शिकवणारी संस्था चालवली, आणि तिथे जगभरातून शिक्षक शिकायला येत. सालोमन यांच्या पद्धतीत सोप्याकडून अवघडाकडे जाणारी नमुन्यांची मालिका होती. सुतार घडवणे हा तिचा हेतू नव्हता. मुलांत नेटकेपणा, चिकाटी आणि श्रमाबद्दल आदर यावा यासाठी ती आखली होती. आजही स्वीडनच्या शाळांत मुलगे आणि मुली दोघांनाही हा विषय सक्तीचा आहे, आणि शालेय वर्षांत मिळून त्यासाठी ३३० तास राखलेले आहेत.

भारतातला धागा याहून कमी मोलाचा नाही, आणि तो महाराष्ट्रातून जातो. त्याची सुरुवात मात्र दक्षिण आफ्रिकेतली. जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये गांधीजींची टॉलस्टॉय फार्म ही वसाहत उभी राहिली, तेव्हा हर्मन कॅलनबाख या त्यांच्या वास्तुविशारद मित्राला सुतारकाम येत होते, आणि त्याच्या हाताखाली गांधीजींसह अनेकांनी ते थोडेफार शिकून घेतले. बाकांपासून पेट्यांपर्यंत लागणाऱ्या वस्तू तिथेच बनत. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीने मूलोद्योगासाठी, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हस्तोद्योगासाठी, रोज ३ तास २० मिनिटे सुचवली होती, आणि उद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही होते. प्रत्येक कृतीचे ‘का’ मुलाला कळले पाहिजे, यांत्रिकपणे ती करून चालणार नाही, हा गांधीजींचा आग्रह होता. गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीचा हा विचार सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही जिवंत ठेवला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोचला. हाताने काम करत शिकणे महाराष्ट्राला परके नाही. ते मोजक्या ठिकाणी अडकून राहिले, ही खंत आहे.

प्रौढ कारागिरांसाठी सरकारने अलीकडे काही पावले टाकली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अशी तिची रचना आहे. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. जर्मनीत फर्निचर बनवणाऱ्या सुताराची उमेदवारी तीन वर्षांची असते आणि शेवटी त्याला स्वतः आखलेली एक वस्तू घडवून दाखवावी लागते. हाताच्या कसबाला वेळ लागतो, आणि वेळ देणाऱ्या देशांनी तो दिला आहे. आपल्याकडे आठवीपर्यंत करवत न धरलेला मुलगा एका वर्षात जोडकाम शिकेल अशी अपेक्षा आपण ठेवतो. शाळेतले दहा दिवस नीट वापरले, तर निदान त्या वर्षाची सुरुवात शून्यापासून होणार नाही.

दहा दिवसांचा आराखडा अवघड नाही. पहिल्या दिवशी गुण्या, सुरी आणि रेघ; दुसऱ्या दिवशी उभे राहणे, पकड आणि पहिला झटका. तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत फक्त काप, आणि प्रत्येक कापाखाली तारीख. सातव्या दिवशी मुलांनी स्वतः कानस घेऊन करवतीचे काही दात पाजवावेत आणि आधीच्या-नंतरच्या कापातला फरक बघावा. उरलेल्या तीन दिवसांत हाफ-लॅप जोड, एकदा बिघडला तर दुसऱ्यांदा. मूल्यमापनाला लेखी परीक्षा नको. पहिल्या काप-दिवसाची फळी आणि शेवटच्या दिवसाचा जोड शेजारी ठेवले, की पालकांनाही प्रगती दिसेल. हातकरवत काही शे रुपयांत मिळते, आणि सरावाचे लाकूड कोणत्याही फर्निचरवाल्याकडे तुकड्यांच्या रूपात पडलेले असते. विजेचे यंत्र नसल्यामुळे धोका मर्यादित राहतो. आठ-दहा मुलांमागे एक जाणता माणूस असला आणि लाकूड नीट पकडलेले असले, की काम सुरक्षित चालते. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी करवत लागत नाही, फक्त उभे राहण्याची बाजू बदलते.

तो जाणता माणूस कुठून आणायचा, याचे उत्तर धोरणानेच दिले आहे: गावातला सुतार. त्याला पाहुणा म्हणून बोलावून, शाल-श्रीफळ देऊन अर्ध्या तासात परत पाठवू नये. दहा दिवस त्याचा रोजगार बुडणार आहे. त्याला शिक्षकाइतके मानधन द्यावे, मुलांना काय आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे यावर त्याच्याशी आधी बसून बोलावे, आणि वेळापत्रकात त्याचे नाव इतर शिक्षकांच्या नावांशेजारी छापावे. शिक्षण विभागाने यासाठी लागणारा निधी आणि लेखी सूचना जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी द्याव्यात, म्हणजे मुख्याध्यापकांना ते दहा दिवस वर्षाच्या शेवटी घाईघाईने उरकावे लागणार नाहीत.